माझ्या डोक्यामागचा सराव

राळेगाव

राळेगावच्या बसस्थानकावर मी चहा प्यायला उतरलो आणि परत चढलो ते दुसऱ्याच बसमध्ये. दोन्ही लाल, दोन्हींच्या काचांवर तोच धुरळा, दोन्हींत तिसऱ्या बाकावर खिडकीशी निळ्या पदराची एक बाई. मी त्या पदराशेजारी बसलो, रुमालानं कपाळ पुसलं आणि म्हणालो, "चहा नव्हता गं, पाक होता." बाईंनी वळून पाहिलं. ती माझी बायको नव्हती. तोवर बस फाटकाबाहेर पडली होती.

फोन वाजला. सुजाता, म्हणजे माझी खरी बायको.

"कुठं आहात?"

"बसमध्ये."

"कोणत्या?"

शेजारच्या बाईंनी माझ्या फोनमध्ये तोंड घालून उत्तर दिलं. "कळंबची हाय ना बाई ही. चुकले तुमचे मालक. फाट्यावर उतरवून देते, काळजी नको करू."

फाट्यावरून मी राळेगावला परतलो ते एका दूधवाल्याच्या मोटरसायकलवर, दोन्ही बाजूंच्या कॅनवर पाय अधांतरी धरून. सुजाता सामान घेऊन स्थानकावर उतरून बसली होती. आमची बस केव्हाच गेली होती. ती रागावली नाही, नुसती हसली, आणि मला त्या हसण्याची जास्त धास्ती वाटते.

मी पोटासाठी काय करतो हे इथं सांगणं भाग आहे. मी वाटा शोधतो. आलेख सिद्धांत नावाचं एक शास्त्र आहे, त्यात ठिपके असतात आणि ठिपके जोडणाऱ्या रेघा. ठिपका म्हणजे काहीही असू शकतं: गाव, पूल, कोठार, संगणक. रेघ म्हणजे त्यांच्यातला संबंध. तरुणपणी मी संरक्षणाच्या नियोजनात होतो. कोणता पूल पडला तर कोणत्या वाटा बंद होतात, हे कागदावर काढायचं. त्यातला एकही पूल मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. पुढे पुलांच्या जागी संगणक आले. एका संगणकात कुणी घुसलं तर ती कीड कुठवर पोचेल, हे मी आता काढतो. प्रश्न तोच आहे, कुठला ठिपका पुसला म्हणजे सगळं कोसळतं. असा प्रश्न वर्षानुवर्षं विचारणाऱ्या माणसाचा स्वभाव कसा होतो ते माझ्या घरच्यांना विचारा. लग्नाच्या पंगतीत बसण्याआधी मी बाहेर पडायचं दुसरं दार पाहून ठेवतो. फक्त बसची पाटी वाचायची राहून जाते.

पुढची बस मिळाली. वडकी, करंजी मागं पडली. कापूस वेचून केव्हाच झाला होता, रानं उघडी पडली होती आणि घराघरापुढं पऱ्हाटीच्या वाळल्या काड्यांचे ढीग रचलेले होते. जयंती होऊन आठवडा उलटला तरी गावागावांत निळ्या पताका तशाच होत्या, उन्हानं थोड्या विटलेल्या. करंजीच्या पुढे सुजाताची भाषा बदलली. पुण्यात ती 'मला' म्हणते. इथं एक ट्रक आडवा आला तेव्हा तिनं खिडकीतून मान काढून विचारलं, "काहून थांबले गा?" आणि त्यानंतर परतीपर्यंत ती 'मले'च म्हणत राहिली. दर वेळी त्या क्षणी मला वाटतं की आता ही इथली झाली आणि मी पाहुणा.

मारेगाव

सासुरवाडीच्या दारात पाय ठेवतो तो सासरे आतून म्हणाले, "जय भीम, जवाईबापू. कळंबले जाऊन आले म्हणते?"

ती बातमी माझ्याआधी येऊन पोचली होती. निळ्या पदराच्या बाई सासूबाईंच्या मावसबहिणीच्या शेजारीण निघाल्या. मी हसलो. एवढ्या वेगानं बातमी कशी आली, कुठल्या कुठल्या घरावरून आली, याचा मी धंद्यानं तरी विचार करायला हवा होता. केला नाही. मला भूक लागली होती.

सासरे निवृत्त मुख्याध्यापक. गाव त्यांना गुरुजी म्हणतं, आम्ही बाबा. वर्षभरापासून त्यांची मूत्रपिंडं थकली आहेत. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, वणीच्या रस्त्यावरच्या एका छोट्या दवाखान्यात त्यांचं डायलिसिस होतं. मागं वीज गेल्यामुळं एक पाळी हुकली होती आणि रात्री बाबांना श्वास घेता येईना. आई, म्हणजे सासूबाई, अजून ते सांगताना आवाज खाली आणतात. पिण्याच्या पाण्यावर बंधन. आई सकाळीच एका छोट्या तांब्यात दिवसाचं पाणी काढून ठेवतात, त्यातून घोट घोट घ्यायचं. घसा अगदीच सुकला की बाबा लिंबाची फोड चोखत बसतात. आणि ज्या यंत्रावर ते जगतात त्याला एका खेपेला पिंपभर पाणी लागतं. प्यायला घोट आणि जगायला पिंप, असा तो हिशोब.

रात्री पाटवड्यांचा रस्सा, ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी. पुण्यात आमच्याकडे रश्श्यात गुळाचा खडा पडतो. इथं ते सांगितलं की माणसं माझ्याकडे आजारी असल्यासारखं पाहतात. दुसरा एक फरक म्हणजे जावयानं स्वतः पाणी काढायचं नाही. आंघोळीचं पाणी, हात धुवायचं पाणी, सगळं कुणीतरी काढून देणार. मी बादलीला हात लावला तर आई धावत येतात.

"पण तुमी नेमकं करता काय?" आईंनी भाकर वाढता वाढता विचारलं. हा प्रश्न त्या लग्नापासून विचारतात.

"ठिपके जोडतो, आई."

"म्हंजे रांगोळीच झाली ना."

"होय आई," सुजाता म्हणाली, "फक्त ह्याईची पुसली तर सरकार घाबरते."

या खेपेला मी नुसता पाहुणा नव्हतो. माझा मेहुणा प्रवीण तिथल्या एका पाणी योजनेवर अभियंता आहे. नदीकाठी पंप, टेकडीवर मोठी टाकी आणि तिथून भोवतालच्या गावांना नळ. पूर्वी व्हॉल्व्ह उघडायला माणूस सायकलवर जायचा. आता सगळं एका खोलीतल्या संगणकावरून चालतं. म्हणून कुणी लांबून त्या संगणकात घुसलं तर काय होईल, हे पाहायला मला बोलावलं होतं. पुण्याहून निघण्याआधीच मी योजनेचा आलेख काढला होता. नदी एक ठिपका, टाकी एक ठिपका, प्रत्येक गाव एक. लांबलेल्या एका रेघेच्या टोकाला एक बारीक ठिपका होता, त्याला मी नुसता क्रमांक दिला होता. त्या रात्री कागद पसरला तेव्हा प्रवीणनं त्यावर बोट ठेवलं.

"हा बाबाचा दवाखाना, भाऊजी."

मला झोप लागली नाही. टोकाच्या ठिपक्याला दुसरी रेघ नसते. माझ्या शास्त्रात तो सगळ्यात दुबळा.

नियंत्रण कक्ष

गुरुवारी सराव. नियंत्रण कक्ष म्हणजे एक खोली, दोन पडदे आणि एक वातानुकूलन यंत्र. ते यंत्र संगणकांसाठी होतं, पण कार्यालयातली सगळी माणसं काही ना काही कागद घेऊन तिथंच बसलेली. संगणकाच्या कपाळावर दसऱ्याचं कुंकू अजून होतं. पडद्यापुढं मडावीबाई बसायच्या. टाकीची पातळी पाहायची आणि पंप चालू-बंद करायचे हे त्यांचं काम. त्यांचे वरिष्ठ कुंभारे साहेब, गोल चेहऱ्याचे, कुणाला दुखवायचं नाही या एकाच नियमावर नोकरी काढलेले.

सरावाची कल्पना साधी होती. समजा कुणी चोर संगणकात शिरला आणि त्यानं योजनेच्या नावानं लोकांना खोटी सूचना पाठवली, तर तुम्ही काय कराल? ती खोटी सूचना मी फळ्यावर लिहिली.

"मुख्य पंप नादुरुस्त. उद्यापासून चार दिवस पाणीपुरवठा बंद राहील. नागरिकांनी आवश्यक साठा करून ठेवावा. याची नोंद घ्यावी."

शेवटचं वाक्य सुजाताचं. पुण्यात जेवणाच्या टेबलावर मी मजकूर वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली होती, "असं सरकारी कुणी लिहीत नाही. 'याची नोंद घ्यावी' टाका, मग खरं वाटेल." मी टाकलं आणि ते खरं वाटू लागलं.

संरक्षणाच्या कामात आम्हाला एक गोष्ट घोटून शिकवलेली. सरावाच्या प्रत्येक खोट्या निरोपाच्या डोक्यावर आणि पायाशी तीनदा 'सराव' लिहायचं. निरोप खोलीबाहेर पडला तरी तो खोटा आहे हे त्याच्या अंगावर दिसलं पाहिजे. मी फळ्याच्या वरच्या काठाला ठसठशीत लिहिलं: सराव सराव सराव. पायाशी लिहायला जागा उरली नाही. चालून जाईल म्हटलं.

सराव छान झाला. मडावीबाईंनी विचारलं, "पण सर, चोर आपल्या इकडच्या लोकाईले निरोप देईन कायले? त्याले काय मिळते?" त्यावर मी वीस मिनिटं बोललो आणि शेवटी त्याच म्हणाल्या, "म्हंजे भांडण लावाले." होय, म्हटलं, तेच.

मग सत्कार. आमच्याकडे पुण्यात पाहुण्याला पाकीट देऊन वाटेला लावतात. इथं शाल, नारळ आणि फोटो झाल्याशिवाय कुणी कार्यक्रम संपू देत नाही. फळ्यापुढं आम्हाला उभं केलं: मध्ये मी, डावीकडे कुंभारे साहेब, उजवीकडे प्रवीण. "सर, जरासे डाव्या अंगाले. हां. हसा." मी हसलो. कुंभारे साहेबांनी तो फोटो तिथल्या तिथं फोनवरच्या योजनेच्या गटावर टाकला आणि खाली लिहिलं, "पुण्याहून आलेले तज्ज्ञ सर माहिती देताना."

शाल लोकरीची होती. एप्रिल महिना. ती मी घरापर्यंत पांघरून गेलो, कारण काढली तर कुंभारे साहेबांना वाईट वाटलं असतं.

शुक्रवार

सकाळी प्रवीणच्या गाडीवर मागं बसून निघालो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नळांपाशी गर्दी होती. बादल्या, घागरी, खताचे रिकामे पिंप. मला वाटलं इथं रोजच असं असेल. प्रवीणलाही काही कळेना. चहाच्या टपरीशी वेग कमी केला तर एक गृहस्थ कप खाली ठेवून थेट माझ्यापाशी आले.

"सर, चारच दिवस ना? का वाढन?"

"काय वाढेल?"

"पाणी बंद. तुमी स्वतः आले पुण्याहून सांगाले, म्हंजे मोठंच काम दिसते."

त्यांनी फोन पुढं केला. फोटोत मी शाल पांघरून हसत होतो. माझ्या छातीशेजारी, कुणालाही वाचता येईल अशा माझ्याच सुवाच्य अक्षरात, मुख्य पंप नादुरुस्त होता. वरच्या ओळीत तीन शब्द होते आणि फळ्यापुढं तीन डोकी. एकेका डोक्यानं एकेक 'सराव' झाकला होता.

तो फोटो योजनेच्या गटातून ग्रामपंचायतींच्या गटात, तिथून बचतगटात, तिथून जावयांच्या, नणंदांच्या, दहावीच्या तुकड्यांच्या गटांत गेला होता. माझ्या आलेखात यातला एकही ठिपका नव्हता. मी पंप मोजले होते, व्हॉल्व्ह मोजले होते, संगणक मोजले होते.

नियंत्रण कक्षात मडावीबाई पडद्यासमोर ताठ बसल्या होत्या. टाकीची पातळी एरवी या वेळेला वर चढते. ती उतरत होती. सगळी गावं एकाच वेळी भरत होती आणि नदीकाठचे पंप पूर्ण जोरानं चालूनही पुरे पडत नव्हते.

कुंभारे साहेबांनी गटावर खुलासा टाकला: "पाणी बंद राहणार नाही. अफवांवर विश्वास ठेवू नये." दहा मिनिटांत पातळी आणखी वेगानं खाली येऊ लागली.

"असं कसं झालं?" साहेब म्हणाले.

"खुलासा आला ना साहेब," मडावीबाई म्हणाल्या. "ज्याईले माहीत नव्हतं त्याईलेही कळलं."

तेवढ्यात दवाखान्यातून फोन. त्यांच्या नळाला सकाळपासून थेंब नाही. टोकाची लाईन, मधली गावं ओढत होती, शेवटपर्यंत पाणी पोचतच नव्हतं. सकाळची पाळी साठ्यावर निघाली. दुपारची पाळी कशी करायची? दुपारच्या पाळीत बाबा होते. आईंबरोबर ऑटोनं केव्हाच निघाले होते. टँकर मागवावा तर दोन्ही टँकर लग्नघरी आणि चालकांचे फोन बंद.

"सर," कुंभारे साहेब माझ्याकडे वळले, "आता तुमीच सांगा. तज्ज्ञ तुमी."

आयुष्यभर मी कागदावर पूल पाडले. खऱ्या व्हॉल्व्हच्या इतक्या जवळ कधी आलो नव्हतो. कागदावरचं उत्तर मला पाठ होतं. "गावांचा व्हॉल्व्ह बंद करा. टाकीत उरलंय ते सगळं दवाखान्याच्या लाईनीला सोडा."

मडावीबाईंचा हात माउसकडे गेला. प्रवीण म्हणाला, "थांबा."

"भाऊजी, व्हॉल्व्ह बंद केला का तुमची बातमी खरी झाली. आज दुपारी सगळे घागरी घेऊन इथं येतीन. उद्या उघडलं त पुन्हा तेच, चार दिवस कोणी नळ बंद करन नाही. चालू ठेवलं त भरतीन अन् थांबतीन. घरात भांडे असते तरी किती?"

"आणि तेवढ्यात टाकीच संपली तर?"

"त संपली."

"प्रवीण, दुपारच्या पाळीला..."

"माहे बाप हायेत ते, भाऊजी," तो पडद्याकडे पाहत म्हणाला. "मले माहीत हाय दुपारच्या पाळीले कोण हाय."

एखाद्या घरात भांडी किती असतात याचा मी मनात अंदाज करू लागलो आणि माझ्या लक्षात आलं की मला माझ्याच घरातली सांगता येत नाहीत. मी दवाखान्यासाठी बोलतो आहे की बाबांसाठी, हेही नीट सांगता आलं नसतं. दवाखान्यात आणखीही माणसं होती. गावांतही होती.

"सर?" साहेब म्हणाले.

"चालू ठेवा," मी म्हणालो.

दवाखाना

मी तिथं थांबू शकलो नाही. प्रवीणची गाडी घेऊन दवाखान्यात गेलो. उन्हानं रस्ता पांढरा पडला होता आणि कोळशाचे ट्रक अंगावर काळी भुकटी उडवत जात होते. वाटेत एका वस्तीत एक म्हातारी दारात आंघोळीचा बंब भरून ठेवत होती. तिनं मला ओळखलं असावं, कारण तिनं हात जोडले. उपकार मानल्यासारखे.

बाबा बाहेरच्या बाकावर बसले होते. पाय सुजून चपलेच्या पट्ट्यावर आलेले. शेजारी आई, मांडीवर तो छोटा तांब्या. यंत्र चालवणाऱ्या आतल्या मुलीनं सांगितलं होतं, पाणी आलं की लगेच घेते. किती वेळ, ते तिलाही माहीत नव्हतं.

मी त्यांच्याजवळ बसलो. बाबांनी खिशातून फोन काढला, चष्मा वर केला आणि पडद्यावर बोटांनी काहीतरी मोठं करून माझ्यापुढं धरलं. निवृत्त शिक्षकांच्या गटावर फोटो आला होता.

"फोटो चांगला आला, जवाईबापू." दोन शब्दांमध्ये ते श्वास घेत होते. "कुंभारेच्या डोक्यामांगं 'स'चं शेपूट दिसते. मी ओळखलं. सराव लिहेल असन."

"बाबा, माझी चूक झाली."

"अक्षर मात्र वळणदार." त्यांनी बोटानं फोटो खाली सरकवला. "पायथ्याले कायले नाही लिहिलं?"

"जागा नव्हती."

"शाळेतले पोट्टेबी हेच सांगे." ते हसायला गेले आणि खोकला आला. आईंनी तांब्या पुढं केला. बाबांनी एक घोट घेतला, तोंडात धरून ठेवला आणि मग गिळला. मी दुसरीकडे पाहिलं.

व्हॉल्व्ह चालू ठेवा असं मीच म्हणालो, हे त्यांना सांगावं की नाही, याचा मी विचार करत होतो. सांगितलं असतं तर ते 'बरं केलं' म्हणाले असते आणि ते मला ऐकवलं नसतं. आई दर थोड्या वेळानं बाबांच्या पायावर बोट दाबून पाहत होत्या. खळगा पडायचा आणि तसाच राहायचा.

मडावीबाईंचा फोन आला तेव्हा मी उभाच राहिलो.

"सर, थांबली."

"काय थांबली?"

"टाकी. उतरनं थांबली. लय खाली हाय, पण थांबली."

भांडी संपली होती. बंब, कुकर, पिंप, घागरी, काय काय असेल ते सगळं भरलं होतं आणि गावोगावी नळ बंद होऊ लागले होते. तरी टोकापर्यंत पाणी यायला वेळ लागणारच होता. मी दवाखान्याच्या मागं जाऊन नळाला कान लावून उभा राहिलो. एक वॉर्डबॉय येऊन माझ्याकडे पाहून गेला. बऱ्याच वेळानं नळातून हवा सुटल्याचा आवाज आला, मग खोकल्यासारखा, आणि मग गढूळ पाण्याची एक चूळ बाहेर पडली.

दुपारची पाळी दिवेलागणीला लागली. बाबा आत जाताना दारात थांबले आणि आतल्या मुलीला म्हणाले, "बाई, हे माहे जवाई. पुण्याहून आले. पाणी ह्याईनंच आणलं." तिनं मला आदरानं नमस्कार केला. बाबा मागं न पाहता आत गेले.

पुन्हा मारेगाव

बाबांजवळ आई आणि प्रवीण थांबले. मी घरी निघालो. सुजाताशी दिवसभर जेमतेम दोन वाक्यं झाली होती, तीही बाबांना अजून घेतलं नाही आणि आता घेतलं, एवढीच. तिला मला सांगायचं होतं. फोटो, तीन डोकी, खुलासा, हे तर तिला कळलंच असणार. पण व्हॉल्व्ह चालू ठेवा असं मी म्हणालो, तिच्या बापाचं पाणी गावाच्या भांड्यांत जाऊ दिलं, हे माझ्याच तोंडून तिला कळायला हवं होतं. सगळ्या वाटेनं मी वाक्यं जुळवत होतो. एकही उभं राहिना.

दार उघडं होतं. आत शिरलो आणि पायाला परात लागली. पाणी हिंदकळलं.

परातीशेजारी पाण्याचे पितळी गुंड होते, दोन्ही काठोकाठ. त्यापुढं गंज, म्हणजे लग्नकार्यातलं मोठं पातेलं. भिंतीकडेनं बादल्या, डबे, लोट्या. कूलरची टाकी भरलेली. ओट्यावर कुकर, कढई आणि चहाचं पातेलं, सगळ्यांत पाणी. न्हाणीघरात पाय ठेवायला जागा नव्हती. मधल्या खोलीत सुजाता पदर खोचून बसली होती आणि ओल्या फरशीवर पोतं फिरवत होती. (शनिवारी कुणी नळच उघडला नाही. टेकडीवरची टाकी भरून वाहिली आणि कुंभारे साहेबांना पंप बंद ठेवावे लागले, म्हणजे माझी सूचना एका परीनं खरीही झाली.)

"बाबा बरे आहेत," मी म्हणालो.

"माहीत हाय. आईचा फोन आलता."

"सुजाता, व्हॉल्व्ह बंद करायचा होता. मीच म्हणालो, चालू ठेवा."

तिनं पोतं पिळलं. "प्रवीणनं सांगतलं."

मी उभाच होतो. बसायला स्टूल होतं, त्यावर पातेलं होतं.

"हे सगळं तू भरलंस?"

"मंग कोण भरन?"

"पण तुला तर माहीत होतं. मी तुझ्यासमोर लिहिलं ते. 'याची नोंद घ्यावी' तुझं होतं."

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "शेजारच्या वंदनाले नव्हतं. ती भरून राह्यली होती, तिच्या पलीकडची भरून राह्यली होती, सारी गल्ली भरून राह्यली होती. बातमी खोटी हाय म्हणून मी एकटी बसली असती, त पाणी खरंच गेलं असतं ना. अन् बाबा घरी आल्यावर काय सांगतलं असतं त्याईले, तुमच्या जवायाचा सराव होता म्हणून?"

मी ओट्याला टेकलो.

"तो कुकर नका हलवू," बायको म्हणाली. "राहू द्या भरेल. उद्या तुमी कायचा सराव करसान, सांगता येत नाही."